जास्तीचा छेद

हाजराबी दुपारी दुकानातून बाहेर येते ती म्हातारी होऊनच. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, ओढणीच्या काठाला पांढरी लव. नळाखाली दोन ओंजळी पाणी तोंडावर मारलं की पुन्हा पन्नाशीची होते आणि रांगेतल्या बायकांना म्हणते, "बघा, एवढ्यात तीस वर्षं धुतली."

तळोद्याच्या बाजारामागच्या गल्लीत तिचं माहेरचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची लांबलचक खोली. अर्ध्या भागात धाकटा भाऊ सलाउद्दीनचं कापूस पिंजायचं मशीन, उरलेल्या अर्ध्यात ताडपत्री, आणि ताडपत्रीवर पाय दुमडून बसलेली हाजराबी. मशीन जुन्या गाद्यांतला दबलेला कापूस खातं आणि त्याचे ढग करून बाहेर टाकतं. पत्र्याला भोकं आहेत. त्यांतून उन्हाच्या काठ्या खाली उतरतात आणि त्या काठ्यांमध्ये रुई तरंगत राहते. तिला खाली यायची घाई नसते. गिऱ्हाइकालाही नसते, कारण हाजराबी टाके घालता घालता बोलत असते. जुन्या गादीवर तळवा फिरवून ती सांगते, "तुमच्या घरात कुणीतरी डाव्या कुशीवर झोपून विचार करतं." गिऱ्हाईक हसतं, आणि घरी जाताना वाटेत गप्प होतं.

आई गेली तेव्हा सलाउद्दीन रांगत होता आणि हाजराबी परकर-पोलक्यातली पोर. त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, झोडपलं ते तिनंच. तिचं लग्न झालं तेही गल्लीतच, बसस्टँडसमोर पंक्चर काढणाऱ्या तौहिदशी. लोक म्हणायचे, भावाला सोडून लांब जायचं नव्हतं म्हणून जवळचा नवरा बघितला. तौहिद म्हणतो, "खोटं नाही. मला बघायला आली तेव्हाही तो कडेवरून उतरून शेजारी बसला होता आणि माझ्या बशीतली बिस्किटं खात होता."

अशा भावाच्या दोन्ही किडन्या रक्तदाबानं खाल्ल्या. कुणी कधी रक्तदाब मोजलाच नव्हता. तोंड सुजायला लागलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, अंग धरतोय. मग आठवड्यातून दोनदा जीपनं नंदुरबार, तिथं मशीनवर रक्त धुणं, आणि परत. मशीन दुकानातलंही होतंच, ते आता त्याचा मुलगा अरबाज चालवायचा. आणि हाजराबीची मंतशा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, रोज दुपारी आईचा डबा घेऊन दुकानात यायची. आईनं डबा मागितलेला नसायचा. मंतशा उंबऱ्यात आली की अरबाज मशीन बंद करायचा, तिच्या डोळ्यांत तुसं जाऊ नयेत म्हणून.

एकदा चहा पिताना हाजराबी भावाला म्हणाली होती, "सल्लू, तुझा पोरगा माझ्या पोरीला बघून मशीन बंद करतो. विजेची बचत होते."

"मग होऊ दे बाजी. कायमची करू."

एवढंच बोलणं. फुफीही तिथं बसली होती, बशीत चहा ओतून पीत. फुफी म्हणजे या दोघांच्या वडिलांची बहीण, गल्लीतल्या प्रत्येक निकाहाला आणि प्रत्येक भांडणाला हजर. तीही काही बोलली नाही, म्हणजे तिला मान्य होतं. रीतसर मागणी, पैगाम, सलाउद्दीन बरा झाल्यावर घालायची होती.

पण सलाउद्दीन बरा होत नव्हता. हाताची नस सुया घेऊन घेऊन दमली होती. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं की किडनी बसवा, आणि वेळ लावू नका. बायकोचा, तमन्नाचा, रक्तगट जुळला नाही. बहिणीचा जुळला. हाजराबी म्हणाली, "मन्ही घे." जशी कुणाला उशी सरकवावी तशी.

सुरतेच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. भाऊ-बहीण असल्याचे कागद, कमिटीपुढं सवालजवाब, परवानग्या. मग एका सकाळी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबेननं हाजराबीला तपासायच्या टेबलावर झोपवलं. डॉक्टरबेन गुजराती, केस बारीक कापलेले, बोलताना हातातलं पेन हवेत शिवणकाम करत असायचं.

"हाजराबेन, पोटावर हा जुना टाका कसला?"

"मंतशाच्या वेळचा. पोट फाडून काढली होती."

"फार छान जागी आहे."

"त्यात काय छान?" तौहिदनं कोपऱ्यातून विचारलं.

डॉक्टरबेन समजावू लागल्या. डाव्या बाजूला तीन-चार बारीक भोकं, पेन्सिल जाईल एवढी. एकातून कॅमेरा आत जाणार, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. किडनी आतल्या आत मोकळी करायची, छोट्याशा पिशवीत भरायची. आता ती पिशवी बाहेर काढायला एक मोठी वाट हवी. ती वाट आयती होती. "मी तुमच्या जुन्या टाक्यावरूनच जाईन. नवा डागसुद्धा पडणार नाही."

"आणि पूर्वी?" हाजराबीनं विचारलं.

"पूर्वी?" डॉक्टरबेननं पेनानं स्वतःच्या पाठीपासून बेंबीपर्यंत एक लांब रेघ हवेत ओढली. "इथून इथपर्यंत. कधी बरगडीचा तुकडाही काढायला लागायचा. देणारा माणूस घेणाऱ्यापेक्षा जास्त दिवस कण्हायचा."

तौहिद पुढं आला. "पण आत दिसणार कसं? पोटात जागा कुठं असते?"

"हवा भरतो. पोट तंबूसारखं वर उचललं जातं."

"हवा," तौहिद म्हणाला. पहिल्यांदाच त्याला या हॉस्पिटलात घरच्यासारखं वाटलं. "किती?"

"तुम्ही काय करता?"

"पंक्चर काढतो."

डॉक्टरबेननं पेन खाली ठेवलं. "तुमच्या सायकलच्या ट्यूबपेक्षा पुष्कळ कमी, तौहिदभाई."

"नंतर काढता का?"

"काढतो."

"सगळी?"

"थोडी राहते. दोन दिवस खांद्यात दुखतं, मग जिरते."

"पोटातली हवा, आणि दुखतो खांदा," हाजराबी म्हणाली.

"हवा वरच जाते," तौहिद तिला म्हणाला, धंद्यातलं माणूस म्हणून.

मग डॉक्टरबेननं पडद्यावर एका ऑपरेशनची चित्रफीत लावली, माणसाचं नावगाव नसलेली. हाजराबी उठून बसली. आत एक गुलाबी तंबू होता, ओला, उजेडानं भरलेला. भिंतींवरून बारीक तांबड्या वाटा धावत होत्या. पिवळी चरबी गठ्ठ्यागठ्ठ्यांनी बसली होती, पिंजून ठेवलेल्या रुईसारखी, आणि दोन नाजूक चिमटे ती बाजूला करत होते, इतके हळू की आत कुणी झोपलं असावं आणि त्याची झोप मोडायची नसावी. आवाज नव्हता. हाजराबी विसरून गेली की हे पोट आहे.

"किती सुंदर भरलंय," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. नवापूरपर्यंत एक शब्द नाही. तौहिदला वाटलं, घाबरली. ती घाबरली नव्हती. तिला एवढंच वाटत होतं की आपल्या आत इतकी वर्षं एवढा उजेडाचा तंबू गुंडाळून ठेवलेला होता आणि आपण नळावर उभं राहून भांडत होतो.

पण हाजराबी ती हाजराबीच. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात बायका जमल्या आणि तिनं सगळं ऑपरेशन करून दाखवलं. रजईची खोळ पोट झाली, दोन सुया चिमटे झाल्या, तौहिदचा हवा भरायचा पंपही मागवला होता, त्यानं दिला नाही. शेजारची जसोदाबाई भाजीची टोपली खाली ठेवून ऐकत होती.

"मंग ती किडनी बाहेर कोठून निंघी, हाजरा?"

"जठून मंतशा निंघनी, तठूनच," हाजराबी म्हणाली. "दार तेच. पहिले मंतशा उनी, आते तिना मामूना वाटा येई."

बायका हसल्या. मंतशा लाजून बाहेर गेली. अरबाज मशीनच्या पट्ट्यात उगाच काहीतरी शोधू लागला. कोपऱ्यात, फाटक्या गादीवर बसलेला सलाउद्दीनही हसला. फक्त फुफी हसली नाही. तिनं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"मग सल्लू तुझा पोरगा झाला," फुफी म्हणाली.

"होय तर. मोठा झाला की शाळेत घालते."

"हसू नको. दूध पाजलं तर नातं लागतं की नाही?"

मुसलमान घरांत हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्या बाईनं दुसरीच्या तान्ह्याला पाजलं ती त्याची आई होते, तिची पोरं त्याची सख्खी भावंडं होतात, आणि भावंडांत लग्न होत नाही.

"चमचाभर दुधानं लागतं," फुफी सावकाश म्हणाली, "तर अख्ख्या अवयवानं का लागू नये? आणि निघणार कुठून, तर पोटच्या पोरीच्या वाटेनं. म्हणजे सल्लू झाला मंतशाचा भाऊ. आणि भावाचं पोर म्हणजे भाचा. अरबाज तिचा भाचा लागला."

उन्हाच्या काठीत रुई तरंगत होती. हाजराबीनं हसून विषय उडवला, जसोदाबाईनं टोपली उचलली, बायका पांगल्या. पण हाजराबीनं भावाकडं पाहिलं आणि तिला कळलं की शब्द जाऊन बसलाय. सलाउद्दीन असा माणूस होता की गिऱ्हाइकाच्या जुन्या गादीतली मूठभर रुई मशीनला चिकटून राहिली तरी ती खरवडून त्याच गादीत भरायचा. दुसऱ्याचं आपल्याकडं राहू नये, नात्यात मिसळ होऊ नये, हे त्याच्या हाडात होतं.

चार दिवसांनी त्यानं सांगितलं, "मी नाही घेणार."

"का?"

"माहीत आहे तुला."

हाजराबी त्याला ओढत इमामसाहेबांकडं घेऊन गेली. इमामसाहेब हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी शांतपणे सांगितलं की दुधाचा मसला, म्हणजे धर्माचा नियम, दुधाचाच, तोही दोन वर्षांच्या आतल्या तान्ह्याचा. किडनीनं कुणी कुणाचं मूल होत नाही, ती कुठल्याही वाटेनं निघो. खुशाल घ्या आणि पोरांचं लग्न करा.

मशिदीच्या दारात सलाउद्दीन चपला घालत म्हणाला, "मसला डोक्यात उतरला, बाजी. खाली नाही उतरत. उद्या निकाहात बसलो आणि मनात आलं की ही तर माझी बहीण, तर मी कबूल कसं ऐकू?"

"मग मरशील का?"

"मी घेतली तर पोरांचं मोडतं. नाही घेतली तर माझं मोडतं. माझं मोडू दे."

हे त्यानं भांडून नाही सांगितलं. दुकानाची वेळ सांगावी तसं सांगितलं. आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांत सगळे हळू चालायला लागले. तमन्ना स्वयंपाक करता करता थांबायची आणि भांड्यात बघत राहायची. अरबाज मशीन बंद करेनासा झाला. मंतशा डबा आणेनाशी झाली. एका संध्याकाळी ती आईच्या मागं येऊन उभी राहिली.

"अम्मी, मामूला सांग, मला नाही करायचं अरबाजशी लग्न. मला तो आवडतच नाही."

हाजराबीनं सुई न थांबवता विचारलं, "कधीपासून?"

"आजपासून."

"खोटं बोलायचं तर आधी शिकून घे. डोळे पूस. रजईवर डाग पडेल."

मंतशा गेल्यावर ती तशीच बसून राहिली. हिवाळा तोंडावर होता. भरायच्या रजयांची रास लागली होती, आणि तिला त्या राशीत शिरून झोपावंसं वाटत होतं. एकीकडं भाऊ, एकीकडं पोर. दोघंही आपापला वाटा दुसऱ्याला द्यायला निघालेले. आणि हे सगळं झालं कशानं, तर आपल्या तोंडानं. जठून, तठून. तिनं फोन उचलला आणि सुरतेला लावला.

"डॉक्टरबेन, मी हाजराबी. मला एक छेद जास्त द्या."

"काय जास्त?"

"जुन्या टाक्यातून नका काढू किडनी. दुसरीकडं वाट करा."

"हाजराबेन, लोक माझ्याकडं छेद कमी मागतात."

हाजराबीनं सगळं सांगितलं. दुधाचं, फुफीचं, भाच्याचं.

"माझ्या पुस्तकात असं कारण नाही," डॉक्टरबेन म्हणाल्या.

"इमामसाहेबांच्याही नाही. ते फक्त माझ्या भावाच्या डोक्यात आहे. पण किडनी त्याच्यातच बसवायचीय ना."

डॉक्टरबेननं श्वास सोडला. करता येईल, म्हणाल्या. डाव्या कुशीत चार बोटांचा छेद. पण तिथं स्नायू कापावा लागतो. दुखेल जास्त, उठायला-बसायला वेळ लागेल, गादीकामाला आणखी उशीर होईल. "कुणासाठी विनाकारण जखम करायला मला आवडत नाही. विचार करा."

"केला," हाजराबी म्हणाली.

घरी तिनं एवढंच जाहीर केलं की दुसऱ्या दारानं काढणार आहेत. फुफीनं मान हलवली. सलाउद्दीननं बहिणीकडं बघितलं, कुठून म्हणून विचारलं नाही, आणि हो म्हणाला. तमन्ना आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सुरतेत हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर दोघांच्या खोल्या शेजारीशेजारी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टरबेननं हाजराबीच्या डाव्या कुशीवर निळ्या पेनानं रेघ ओढून ठेवली. दुपारी अरबाजनं बापाला चाकाच्या खुर्चीतून गॅलरीत आणलं, हाजराबी येऊन बाकड्यावर बसली, आणि अरबाज मुकाट्यानं निघून गेला. संक्रांत लांब होती, तरी सुरतेच्या आकाशात पतंग चढले होते. खाली पुलावरची वाहनं एकसारखी वाहत होती. तिथपर्यंत आवाज येत होता, पण मऊ होऊन, गादीखालून आल्यासारखा.

"भूक लागली?" हाजराबीनं विचारलं.

"नाही."

"मला लागलीय. उद्यापर्यंत काही देणार नाहीत म्हणे. एक किडनी काढणार म्हणून काय पोटच बंद करायचं."

तो हसला नाही. एक पिवळा पतंग बघत बसला होता. मग म्हणाला, "बाजी, दुसरं दार कोठे शे?"

तिनं डाव्या कमरेवर, ओढणीवरून, तळहात ठेवला. "आठे."

"केवढं?"

"चार बोटं."

"दुखेल?"

"तुला काय करायचंय?"

"बाजी."

"थोडं जास्त दुखेल म्हणे. रजईला एक टाका जास्तीचा घातला तर रजई काय मरते का?"

तो तिच्या हाताकडं बघत राहिला. पिवळा पतंग कापला गेला आणि झोके घेत, कुठं पडायचं ते न ठरवता, इमारतींच्या मागं उतरू लागला. दोघांनीही तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

"आठे तर मी बठत व्हतो," सलाउद्दीन म्हणाला.

"काय?"

"तुन्हा कडेवर. नळावर जाताना, बाजारात, अब्बाला डबा द्यायला जाताना. माझी टाच बरोबर तिथं लागायची. तू म्हणायचीस, सल्लू, टाच मारू नको, मी काय घोडं शे?"

"तुला कसं आठवेल? तू एवढासा होतास."

"तोंड नाही आठवत कुणाचं त्या वेळचं. अम्मीचंही नाही. टाच आठवते."

हाजराबीनं कमरेवरचा हात उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

"आठे नको, बाजी," तो म्हणाला.

"मग कुठून काढू? तोंडातून?"

आता तो हसला. "निघेल तिथूनही. तोंड मोठं आहे तुझं."

"सल्लू, नीट सांग. आता मला आणखी एक दार नाही."

"जुन्याच दारानं." तो म्हणाला. "तू मला भरवलं, न्हाऊ घातलं. पोर व्हायचं ते मी तेव्हाच झालो. उद्या नवीन काय होणार आहे? आणि तेव्हाचा पोर असूनही मी तुझी मंतशा माझ्या अरबाजला बघितलीच ना. मनाला काही टोचलं नाही."

"आणि आता?"

"आता टोचत होतं. पण तुझ्या कमरेवर चार बोटं कापून ते माझ्या मनातून निघणार आहे का?"

त्यानं खिशातून फोन काढला, फुफीला लावला आणि आवाज मोठा केला. फुफी फोनवर नेहमी अशी बोलते जसा काही तिचा आवाज फोनशिवायच पोहोचायला हवा.

"फुफी, जुन्याच दारानं घेतोय."

"मग तुझी बहीण तुझी माँ झाली."

"ती होतीच."

"हं."

"ती माझी माँ असताना मी मंतशाचं नाव काढलं होतं, तेव्हा तू तिथं बसून चहा प्यायलीस. बोलली नाहीस."

पलीकडं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेल्याचं इथं गॅलरीत ऐकू आलं. "साखर कमी होती चहात," फुफी म्हणाली. "तोंड उघडावंसं वाटलं नाही."

"आता?"

"आता काय. इमाम एक म्हणतो, तू एक म्हणतोस, मीच का जहन्नममध्ये बसू एकटी? नीट कापून घ्या दोघं." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी डॉक्टरबेन आल्या. त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हाजराबीच्या कुशीवरची रेघ पुसली. "नक्की ना, हाजराबेन? पुन्हा ओढायला लावू नका."

"नक्की."

रेघ गेली, थोडा निळा धूर कातडीवर राहिला.

सकाळी तिला आत नेलं. छत तिच्यावरून वाहत गेलं, दिव्यामागून दिवा. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, काहीतरी चांगलं आठवा. हाजराबी निवडत बसली आणि निवडता निवडताच जड झाली. मग ती एका फार मोठ्या रजईच्या आत होती. बाहेरून कुणीतरी टाके घालत होतं, प्रत्येक टाक्याबरोबर उजेडाचं एक बारीक भोक पडत होतं, आणि तिला राग येत नव्हता. कोणी घाई करत नव्हतं. रुई हळूहळू वर उचलली जात होती, पोट वर, पत्रा वर, गल्ली वर, तळोद्यामागचे सातपुड्याचे डोंगरसुद्धा पिंजल्यासारखे हलके होऊन उचलले जात होते. कुठूनतरी तौहिदचा आवाज आला, किती पाउंड? पुष्कळ कमी, कुणीतरी म्हणालं. मग काहीतरी तिच्यातून अलगद निघालं, जसं मांडीवर झोपलेलं मूल दुसऱ्याच्या हातात द्यावं, मान सांभाळून, आणि मांडी एकदम थंड वाटावी.

जागी झाली तेव्हा खांदा दुखत होता.

"हवा," तौहिद शेजारी बसून म्हणाला. "राहिलीय थोडी आत." त्याचे डोळे लाल होते. "सल्लूची चालू झाली. टेबलावरच."

"काय चालू झाली?"

"किडनी. जोडली आणि लगेच. त्याच्या जुन्या दोन्ही तशाच ठेवल्यात, ही पुढं बसवलीय, पोटात खाली. डॉक्टरबेन म्हणाल्या, फार गुणी आहे."

"माझीच आहे," हाजराबी म्हणाली आणि पुन्हा झोपली.

तिसऱ्या दिवशी ती उठून चालू लागली, भिंतीच्या आधारानं, पोटाशी उशी धरून. खोकला आला किंवा हसू आलं की उशी दाबायची, असं नर्सनं शिकवलं होतं. उशी तिला पसंत नव्हती. "आत फोम आहे," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पोटाच्या डाव्या बाजूला चिकटपट्ट्यांचे छोटे चौकोन, आणि खाली जुनी रेघ पुन्हा शिवलेली.

सलाउद्दीनला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. जंतू जाऊ नयेत म्हणून आत कुणाला सोडत नव्हते. काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक टेलिफोन. हाजराबी वऱ्हांड्यातून सरकत सरकत तिथं पोहोचली तेव्हा तो खुर्चीत बसला होता. तोंडाची सूज उतरली होती, त्यामुळे ऐन तारुण्यातला सल्लू काचेमागं बसवल्यासारखा दिसत होता. वऱ्हांड्याच्या टोकाला मंतशा आणि अरबाज भिंतीवरचा हात धुण्याच्या पद्धतीचा तक्ता वाचत उभे होते. एवढा मन लावून तो तक्ता आजवर कुणी वाचला नसेल.

सलाउद्दीननं रिसीव्हर उचलला. तिनंही उचलला.

"सलाम, हाजराबी."

"वा. आज बाजी नाही?"

"आज नाही. मी सलाउद्दीन पिंजारी, अरबाजचा बाप."

"थोडंफार ओळखते."

"तुमच्या मंतशासाठी पैगाम आणलाय."

हाजराबीनं काचेतून त्याच्याकडं बघितलं. तो मस्करी करत होता आणि करत नव्हता. डोळे स्थिर होते. मशिदीच्या दारात चपला घालताना त्या डोळ्यांत जे होतं, ते आता तिथं नव्हतं. तिनं दोनदा शोधलं.

"पैगाम रिकाम्या हातानं आणतात का?" ती म्हणाली.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. खोलीत काहीच नव्हतं. मग तो वाकला आणि खुर्चीच्या बाजूला लटकलेली, नळी जोडलेली लघवीची पिशवी त्यानं दोन्ही हातांनी काचेसमोर उचलून धरली. भरलेली, सोनेरी, खिडकीतल्या उन्हात शरबतासारखी चमकणारी. गेली दोन वर्षं त्याच्या शरीरानं असलं काही केलेलं नव्हतं.

"हे आणलंय," तो म्हणाला. "घरचं आहे."

हाजराबीनं उशी पोटाशी दाबली. हसू दाबलं जाईना. डोळ्यांतून पाणी आलं, दुखलं म्हणून, आणि दुखलं म्हणून नाहीही. आतून एक नर्स धावत आली आणि तिनं त्याच्या हातातून पिशवी काढून घेतली.

"बोला की," सलाउद्दीन रिसीव्हरमध्ये म्हणाला. "हो म्हणायचं की नाही?"

"मुलाचा बाप काय करतो?"

"गाद्या भरतो. सध्या सुट्टीवर आहे."

"तब्येत?"

"मधे बिघडली होती. आता एका चांगल्या घरचा माल बसवलाय."

"असं." हाजराबीनं ओढणी डोक्यावर सारखी केली. वऱ्हांड्याच्या टोकाला तक्त्याचं वाचन थांबलं होतं. "मुलीकडच्यांनी लगेच हो म्हणायचं नसतं. विचार करू, चार माणसांना विचारू, मग कळवू."

"कधी?"

"कळवू."

तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला आणि फिरून चालू लागली, भिंतीला हात लावत, पाय ओढत, मान ताठ. पाठीमागं काचेआड तो अजून रिसीव्हर कानाला लावून बसला आहे, हे तिला न बघताच कळत होतं. ती वळली नाही. पोरीच्या आईनं त्या वेळी वळून बघायचं नसतं.